दोरा चालेल, प्लकर नाही: कॅलिफोर्नियात पार्लरचं काम सुरू करण्याआधी

गणपतीत आरती आटोपून प्रसादाची रांग लागली की कुणीतरी मला हळूच बाजूला घेतं. "ताई, मी सांगलीला आठ वर्षं पार्लर चालवलं. इथे यांची नोकरी आहे, मी नुसती घरात बसून असते. काम करायला नेमकं काय लागतं हो?" इतक्या जणींना हेच सांगून झालंय, की आता एकदा लिहूनच टाकते. पुण्यात नऊ वर्षं मी हेच काम केलं. इथे बे एरियात येऊन एस्थेटिशियनचं, म्हणजे त्वचेच्या कामाचं, लायसन्स काढलं. वाटेत एक चांगलीच महागडी चूकही केली, ती पुढे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अमेरिकेत हा विषय केंद्र सरकारचा नाही, राज्याचा आहे. बोर्ड वेगळं, तास वेगळे, लायसन्सची नावंसुद्धा वेगळी. त्वचेच्या कामाचं लायसन्स हवं तर कॅलिफोर्नियात ६०० तासांचं शिक्षण लागतं, टेक्सासात ७५०. न्यूयॉर्कमध्ये नुसत्या वॅक्सिंगचं ७५ तासांचं निराळं लायसन्स मिळतं, आमच्याकडे ती सोयच नाही. त्यामुळे डॅलसच्या नणंदेने फोनवर सांगितलेलं इथे चालेलच असं नाही. मी लिहितेय ते फक्त कॅलिफोर्नियाचं. इथलं बोर्ड म्हणजे सॅक्रामेंटोचं 'बोर्ड ऑफ बार्बरिंग अँड कॉस्मेटॉलॉजी'. पूर्वी बार्बरचं एक आणि ब्युटिशियनचं एक अशी दोन बोर्डं होती, ती १९९२ साली एक झाली.

पहिली पायरी: लायसन्सच्या आधी कामाची परवानगी

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. लायसन्स म्हणजे 'हिला हे काम येतं' असं राज्याने म्हणणं. कामाची परवानगी म्हणजे 'हिने पैसे कमावले तर चालेल' असं केंद्राने म्हणणं. एक हातात आलं म्हणून दुसरं मिळत नाही.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर नुसत्या व्हिसावर काम करता येत नाही. नवऱ्याची (किंवा बायकोची, हल्ली तसेही बरेच आहेत) आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली मागणी, मंजूर झाली असेल, किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवून मिळाला असेल, तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, मागता येतो. हा नियम २०१५ पासूनचा. एल-२ वर, म्हणजे कंपनीने बदलीवर पाठवलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर आय-९४ वर (देशात आल्याच्या नोंदीवर) 'एल-२एस' असं लिहिलंय का बघा. असेल तर वेगळ्या ईएडीची गरज नाही.

ईएडी यायचा असेल तर तो काळ वाया घालवू नका. एच-४ वर शिकता येतं. बोर्डाला सोशल सिक्युरिटी नंबर नसला तर आयटीआयएन, म्हणजे करखात्याने दिलेला नंबर, चालतो, आणि लायसन्स देताना बोर्ड तुमच्या व्हिसाकडे बघत नाही. म्हणजे शाळा, परीक्षा, लायसन्स हे सगळं ईएडीच्या आधी उरकता येतं. फक्त तोवर अपार्टमेंटमधल्या मैत्रिणींच्या भुवया करून 'राहू दे गं, दहा डॉलर घे' म्हणत दिलेले पैसे घेऊ नका. ते रोख असोत की फोनवरून पाठवलेले, परवानगीशिवाय काम म्हणजे परवानगीशिवाय काम. दहा डॉलरपायी ग्रीन कार्डच्या फाइलवर डाग कशाला?

दुसरी पायरी: तुम्हाला कोणतं लायसन्स हवंय? की नकोच आहे?

माझी चूक इथेच झाली. म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे 'पार्लरवाली' या एका शब्दात सगळं येतं: आयब्रो, फेशियल, वॅक्स, हेअरकट, मेंदी, नवरीचा मेकअप. इथे त्याचे तुकडे केलेत. कॉस्मेटॉलॉजिस्टच्या लायसन्समध्ये केस, त्वचा, नखं तिन्ही येतात, त्याला १,००० तास. बार्बरलाही १,०००, चेहऱ्यावर वस्तरा चालवून दाढी करायचा अधिकार त्याचाच. हेअरस्टायलिस्टला ६०० तास, पण त्यात केस कापणं, धुणं, सेट करणं एवढंच. रंग, पर्म, रसायनाचं काहीही नाही. मॅनिक्युरिस्टला ४००. विजेच्या सुईने केस कायमचे काढणाऱ्या इलेक्ट्रोलॉजिस्टचंही वेगळं लायसन्स आहे. आणि एस्थेटिशियन, म्हणजे फेशियल, वॅक्सिंग, पापण्यांचं एक्स्टेन्शन, भुवयांना टिंट, हे सगळं ६०० तासांत. यातले कॉस्मेटॉलॉजिस्ट, बार्बर आणि हेअरस्टायलिस्टचे आकडे १ जानेवारी २०२२ पासूनचे. त्याआधी कॉस्मेटॉलॉजीला १,६०० तास लागायचे, त्यामुळे जुन्या बायका अजून तेच सांगतात. त्यांचं ऐकून घाबरू नका.

आणि थ्रेडिंग? त्याला कॅलिफोर्नियात लायसन्सच लागत नाही. कायद्याने त्याची व्याख्या करून ते बाहेर ठेवलंय: दोऱ्याला पीळ देऊन नको असलेला केस ओढून काढणं, आणि त्यासोबत भुवयीचे वाढलेले केस कात्रीने थोडे छाटणं. बस्स. मॉलमधल्या थ्रेडिंगच्या खुर्च्यांवर आपल्याकडच्या इतक्या बायका दिसतात त्याचं कारण हेच.

पण व्याख्या पुन्हा वाचा. त्यात दोरा आहे, कात्री आहे, प्लकर नाही. आपण काय करतो? दोऱ्याने आकार काढतो, आरसा हातात देतो, आणि ती "इथे एक राहिलाय बघा" म्हणाली की सवयीने प्लकर उचलून तो एक केस उपटतो. प्लकरने केस काढणं हे एस्थेटिशियनच्या कामात मोडतं. म्हणजे त्या एका केसापुरत्या तुम्ही विनालायसन्स. कुणी असं म्हणेल की एका केसाचं काय एवढं, आणि मलाही ते मनातून पटतं. पण नियम तसा आहे. त्यामुळे नुसतं थ्रेडिंग करायचं तर तो शेवटचा केसही दोऱ्यानेच काढायची सवय लावा. अप्पर लिपला "वॅक्स करून देता का?" म्हणाली तर नाही म्हणा.

टेक्सासात याच दोऱ्यावरून मोठी केस झाली होती. तिथे थ्रेडिंग करणाऱ्यांनाही ७५० तासांचं शिक्षण सक्तीचं केलं होतं. काही थ्रेडिंगवाल्यांनी २००९ मध्ये दावा लावला, आणि २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने तो नियम रद्द केला. 'पटेल केस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. कोर्टाच्या हिशोबात त्या ७५० पैकी तब्बल ३२० तासांपर्यंतचा अभ्यास थ्रेडिंगशी संबंध नसलेला निघाला. आपल्या आई-मावश्यांच्या दोऱ्यावर सर्वोच्च न्यायालयात खल झाला, हे वाचून मला तर फार मजा वाटली होती.

आता माझी चूक. मी आल्या आल्या एका खासगी शाळेत गेले. समोरची बाई गोड बोलली, "सगळं येतंय तर सगळ्याचंच लायसन्स घे." मी १,००० तासांच्या कोर्सवर सही केली. तिसऱ्या आठवड्यात पुतळ्याच्या डोक्यावर रोलर गुंडाळताना लक्षात आलं, की केसाचं काम मी पुण्यातही करत नव्हते आणि इथेही करणार नाही. आठवड्याला ३० तास धरले तर ते जादा ४०० तास म्हणजे तीन महिन्यांहून जास्त. मधूनच सोडलं तेव्हा उरलेल्या तासांच्या प्रमाणात फी परत मिळाली; रजिस्ट्रेशनचे पैसे आणि किटचे पैसे गेले ते गेलेच. ते पुतळ्याचं डोकं अजून आमच्या गराजमध्ये आहे, मुलगी त्याच्यावर वेण्या घालते.

म्हणून शाळेत पाय ठेवण्याआधी घरी कागदावर लिहा: गेल्या दोन वर्षांत मी पैसे घेऊन नेमकी कोणकोणती कामं केली? त्या यादीला पुरेल एवढं सर्वांत लहान लायसन्स काढा.

तिसरी पायरी: गावाकडचा अनुभव कागदावर आणा

हे बहुतेकींना माहीतच नसतं. राज्याबाहेर केलेलं काम कॅलिफोर्नियाचा कायदा मोजतो. तीन महिन्यांचं काम म्हणजे १०० तासांचं शिक्षण, असा हिशोब. ६०० तासांसाठी दीड वर्ष, १,००० साठी अडीच वर्षं. म्हणजे सांगलीच्या त्या ताईंची आठ वर्षं हिशोबाने पुरून उरतात, शाळेत न जाता थेट परीक्षेला बसता येईल इतकी.

मग मी का नाही बसले? कारण माझ्या नऊ वर्षांचा एक कागद नव्हता. पगार महिन्याच्या महिन्याला हातात, हजेरीपट नाही, आणि मी इकडे येईपर्यंत ते पार्लर बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं. बोर्डाला माझे हात दिसत नाहीत, कागद दिसतो.

तेव्हा तुम्ही अजून भारतात असाल, किंवा दिवाळीला जाणार असाल, तर हे गोळा करा. जिथे काम केलं तिथल्या मालकिणीचं लेटरहेडवरचं पत्र, त्यात कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास आणि कोणकोणती कामं. 'ही चांगली मुलगी आहे' असं पत्र कामाचं नाही. स्वतःचं पार्लर असेल तर गुमास्ता लायसन्सची प्रत, भाड्याचा करार, आयकर विवरणपत्रं. कोर्स केला असेल तर त्यातल्या विषयांची आणि तासांची यादी. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा कोर्स केलेल्यांचं इथे बरं चालतं, कारण त्यांच्याकडे सरकारी अभ्यासक्रम छापील असतो. 'पंधरा दिवसांत ब्युटिशियन' छाप प्रमाणपत्रांनी भिंत शोभते, एवढंच. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. शिवाय वय १७ पूर्ण आणि दहावीइतकं शिक्षण लागतं, म्हणून शाळेची मार्कशीटही आणा.

आणि नाव! प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधलं नाव नवऱ्याचं. माझ्या एका प्रमाणपत्रावर तर 'सौ.' सुद्धा छापलंय, आणि एका बाईने ते माझं पहिलं नाव समजून 'हॅलो सौ' म्हणून हाक मारली होती. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण इथल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका दिसतात. लग्नाचं प्रमाणपत्र प्रत्येक अर्जासोबत जोडा. परीक्षेच्या अर्जात नाव अगदी ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, नाहीतर परीक्षेच्या दारातून परत यावं लागेल.

चौथी पायरी: शाळेत जायचंच असेल तर

बोर्डाची मान्यता असलेलीच शाळा घ्या, नाहीतर तास मोजले जात नाहीत. खासगी शाळांवर बीपीपीई नावाचा राज्याचा ब्युरो असतो. सही करण्याआधी शाळेने तुम्हाला एक आकडेवारीचा कागद दाखवायलाच हवा: किती जणींनी कोर्स पूर्ण केला, किती पास झाल्या, किती जणींना काम मिळालं. तो मागून घ्या. "नंतर ईमेल करते" म्हणाली तर तुम्हीही सही नंतरच करा. पहिल्या वर्गाच्या दिवसापर्यंत किंवा प्रवेशानंतर सातव्या दिवसापर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, प्रवेश रद्द करता येतो आणि फी परत मिळते. शाळेला फार तर २५० डॉलर कापता येतात. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

स्वस्तात करायचं तर कम्युनिटी कॉलेज बघा. राज्यात वर्षभर राहून रहिवासी ठरलात की युनिटला ४६ डॉलर एवढीच फी. सॅन ब्रुनोच्या स्कायलाइन कॉलेजसारख्या ठिकाणी हे कोर्स चालतात. जागा थोड्या असतात, वाट बघावी लागते, पण खासगी शाळेच्या मानाने खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. पगार घेत शिकायची अप्रेंटिसशिपही आहे, पण ती दोन वर्षांची आणि त्याला ईएडी आधीच हवा.

पाचवी पायरी: परीक्षा

२०२२ पासून प्रात्यक्षिक परीक्षा बंद झाली. आता फक्त लेखी, संगणकावर, पर्याय निवडायचे. परीक्षा आणि पहिलं लायसन्स मिळून शुल्क सव्वाशे डॉलरच्या वर जात नाही. स्पॅनिश, व्हिएतनामी, कोरियनमध्ये परीक्षा देता येते. मराठी किंवा हिंदीत नाही.

ऐकून बरं वाटतं, पण आपल्या बायका इथेच अडकतात. कारण 'फेशियलमध्ये मसाज कसा देतात' हे कुणी विचारत नाही. विचारतात ते जंतूंबद्दल. इम्पेटिगो (त्वचेचा एक संसर्गजन्य रोग) दिसलं तर काय कराल? डिसइन्फेक्ट केल्याने जंतूंचे बीजाणू मरतात का? (डिसइन्फेक्ट केल्याने मरत नाहीत, स्टेरिलाइझ केल्याने मरतात. हा प्रश्न घोकून ठेवा.) त्वचेच्या थरांची लॅटिन नावं मी फ्रिजवर चिकटवून पाठ केली. राज्याला तुमच्या हातातली सफाई बघायची नाही, ती गिऱ्हाइक बघून घेईल. राज्याला बघायचंय की तुमच्या हातून कुणाला रोग होणार नाही.

हे एवढं का, याचं एक उदाहरण आमच्या शेजारचंच आहे. २००० साली सॅन होजेपासून तासाभरावरच्या वॉटसनव्हिल गावात एका नेल सलूनमधून पेडिक्युअर करून गेलेल्या बायकांच्या पायांवर गळवं उठायला लागली. तपासात अशा ११० जणी निघाल्या. पाय बुडवायच्या टबांच्या आतल्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता, आणि तिथे मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतू वाढले होते. दहाच्या दहा टबांत सापडले. घरून पायांना रेझर फिरवून आलेल्यांना धोका जास्त होता, कारण बारीक ओरखड्यांतून जंतू आत शिरले. पाय बुडवायचे टब कसे धुवायचे, जाळी कधी काढायची आणि त्याची नोंद वहीत कशी ठेवायची, याचे नियम त्यानंतर आले.

मोडायची सवय

हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, कारण त्यांना आपल्या सवयी माहीत नसतात.

पुण्यात आम्ही वॅक्सच्या डब्यात सुरी बुडवायचो, हातावर पसरवायचो, परत तीच सुरी डब्यात. जीन्सच्या पट्ट्या गरम पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घालायचो, दुसऱ्या दिवशी त्याच. इथे साधा नियम आहे: जी वस्तू निर्जंतुक करता येत नाही ती एकदा वापरली की कचऱ्यात. लाकडी काडी वॅक्समध्ये एकदाच बुडते. एका पायाला दहा-बारा काड्या जातात, आणि सुरुवातीला प्रत्येक काडी टाकताना माझा जीव खालीवर व्हायचा. आता होत नाही.

धातूचं हत्यार, म्हणजे कात्री किंवा प्लकर, आधी साबण-पाण्याने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, मग औषधात पूर्ण बुडवायचं. दांडा बाहेर राहिलेला चालत नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्यायचा. सगळ्या सलूनमध्ये दिसतं ते निळं बार्बिसाइड दहा मिनिटं मागतं. धुतल्याशिवाय बुडवलं तर उपयोग नाही, कारण वॅक्सच्या थराखाली औषध पोचतच नाही. स्वच्छ हत्यारांचा डबा वेगळा, वापरलेल्यांचा वेगळा, दोन्हींवर तशी चिठ्ठी. पायांच्या टाचांना ब्लेड लावून कातडी काढायची नाही, तुमचं लायसन्स कोणतंही असो. आणि सुईने पुटकुळी फोडायची नाही. "ताई, तेवढं एक काढून द्या ना," म्हणणाऱ्या आपल्याच बायका असतात.

लायसन्स आल्यावर

ते तुमच्या कामाच्या जागी दिसेल असं लावायचं. काम लायसन्स असलेल्या सलूनमध्येच करायचं, कारण तुमचं लायसन्स वेगळं आणि जागेचं वेगळं. घरी पार्लर काढायचं मनात असेल तर राहत्या घरापासून वेगळं प्रवेशद्वार लागतं. अपार्टमेंटची दुसरी बेडरूम त्यात बसत नाही.

सलूनवाल्याने "तुला खुर्ची भाड्याने देतो" म्हटलं तर जरा विचारा: दर कोण ठरवणार, वेळ कोण ठरवणार, गिऱ्हाइकाचे पैसे कुणाच्या हातात जाणार? यातलं सगळं तोच करणार असेल तर तुम्ही भाडेकरू नाही, नोकर आहात, आणि नोकराचे हक्क तुम्हाला लागू होतात. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

लायसन्स दर दोन वर्षांनी नवं करायचं, ५० डॉलर. पाच वर्षं विसरलात तर नव्याने सगळं. घर बदललं की ३० दिवसांत बोर्डाला पत्ता कळवा. आपण दर वर्षी भाडं वाढलं की घर बदलतो आणि नूतनीकरणाची नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते.

इन्स्पेक्टर न सांगता येतात. मी काम करते तिथे आलेल्या बाईंनी माझं लायसन्स आणि ओळखपत्र पाहिलं, निळी बरणी उचलून उजेडात धरली, आणि मग माझा ड्रॉवर उघडला. वर 'स्वच्छ' अशी चिठ्ठी, आत झकास ओळीने लावलेले प्लकर, आणि त्यांच्या शेजारी माझा स्वतःचा कंगवा. दोन केस अडकलेला. दंड मला वेगळा आणि सलूनला वेगळा. कंगवा आता पर्समध्ये असतो.